शिवकन्येनं चातुर्मासात काय सोडलं

शिवकन्या माझी धाकटी जाऊ. तिच्याबद्दल सांगायला बसले आहे तर आधी हे सांगून टाकते, की ती मला कधीच आवडली नाही. वाईट आहे म्हणून नव्हे, चांगली आहे म्हणून. वाईट असती तर मी कडाकडा भांडले असते, दोन दिवस अबोला धरला असता आणि तिसऱ्या दिवशी मीच चहा ठेवला असता. चांगल्या माणसाशी भांडायला निमित्त मिळत नाही. मग सगळं आत साचतं, आणि माझं पोट तसं पहिल्यापासून लहान.

आमचं गाव शिरूर अनंतपाळ तालुक्यात. थोडकी जमीन, ती बटईनं दिली आणि बारा वर्षांपूर्वी दोघे भाऊ आणि आम्ही दोघी जावा लातूरला आलो. ट्युशन एरियात मेस काढली. बाहेरगावची पोरं-पोरी डॉक्टर व्हायचं म्हणून इथं येतात, दोन-दोन वर्षं खोलीत कोंडून घेऊन अभ्यास करतात. त्यातल्या ऐंशी जणांचे डबे आमच्याकडून जातात, सकाळी ऐंशी आणि संध्याकाळी ऐंशी. माझे मालक दयानंदराव भाजीपाला-किराणा बघतात, दीर सुदर्शन डबे पोचवतो, स्वयंपाक आम्हा दोघींचा. सासूबाई, केवळाबाई, पाटावर बसून लसूण सोलतात आणि हुकूम सोडतात.

आमटी माझी, भाकरी शिवकन्येची. तिच्यासारखी ज्वारीची भाकरी मी अजून कुणाची पाहिली नाही. थापताना परातीचा आवाजसुद्धा एका लयीत. पोरं फोनवर विचारायची, "काकू, आज भाकरी शिवकन्या काकूंची आहे ना?" आमटी कुणाची, हे बारा वर्षांत एकानंही विचारलं नाही. आमटी जशी काय नळालाच येते.

मग एका दिवाळीनंतर शिवकन्या बसली ती बसलीच. झोप नाही, भूक नाही, केसाला पंधरा-पंधरा दिवस फणी नाही. भाकरीला बसवली तर पिठात हात घालून तशीच बसून राहायची. आम्ही कारण खूप शोधलं. लेकरं गुणी, शाळेत रमलेली. नवरा मारतो म्हणावं तर सुदर्शन मुंगीसुद्धा बाजूला काढून पाऊल टाकणारा. शेवटी बाहेरचं लागलंय असं केवळाबाईंनी ठरवलं आणि चार अमावस्या नारळ उतरवून टाकले. कारण तरीही सापडलं नाही.

आता खरं ते सांगते. तिच्या आजाराचे ते चौदा महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले महिने होते. आमटी माझी, भाकरी माझी, मेस माझी. गुडघे दुखायचे, पण येणारा-जाणारा म्हणायचा, "सिंधूबाई होत्या म्हणून निभावलं." केवळाबाईंनी अठरा वर्षांत माझ्या एका भाजीला बरं म्हटलं नव्हतं. त्या शेजारणीला म्हणाल्या, "माझी सिंधू वाघीण हाय बघा." मी खिडकीआडून ऐकलं आणि त्या दिवशी दोन वेळच्या भाकरी एकटीनं रेटल्या, तरी पाठ दुखली नाही.

नांदेडहून तिची बहीण दीपमाला आली तेव्हा गाडी रुळावर आली. दीपमाला विष्णुपुरीला राहते, चार पुस्तकं शिकलेली. तिनं बहिणीकडं एकदाच पाहिलं आणि म्हणाली, "हे मनाचं दुखणं हाय. नारळ बास झाले. डॉक्टरला दाखवा." मनाचे डॉक्टर लातुरात नाहीत असं नाही, पण त्यांच्या दारात कुणी ओळखीचं भेटलं तर काय सांगायचं, या भीतीनं आम्ही नांदेडला गेलो. सुदर्शनला आत बसवेना. तो बाहेर बाकावर बसला आणि शिवकन्येबरोबर मी आत गेले.

डॉक्टरीणबाई मध्यम वयाच्या, बोलायला सरळ. तासभर तिच्याशी बोलल्या, रक्त तपासायला दिलं आणि मग माझ्याकडं वळल्या.

"तुम्ही कोण यांच्या?"

"मोठी जाऊ."

"मग तुम्ही नीट ऐका. यांचं आत्ता लक्ष लागणार नाही. हा नैराश्याचा आजार आहे. आळस नाही, देवाचा कोप नाही. रोज एक गोळी, सकाळी नाश्त्यानंतर. पहिले आठ-पंधरा दिवस मळमळेल, जीव कासावीस होईल, झोप बिघडेल. तेवढ्यानं घाबरून बंद करायची नाही, मला फोन करायचा. गुण यायला तीन-चार आठवडे लागतात, कधी सहा. तोवर यांच्यावर लक्ष ठेवा. 'मी नसले तरी चालेल' असलं काही बोलल्या तर चेष्टेवारी नेऊ नका. एकटं सोडू नका आणि लगेच मला कळवा."

मी मान हलवली.

"एखाद्या दिवशी विसरली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. दुसऱ्या डॉक्टरकडं गेलात तर ही गोळी चालू आहे हे सांगायचं. अंगदुखीची गोळी मला विचारल्याशिवाय द्यायची नाही. काही गोळ्या हिच्याबरोबर घेतल्या तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो."

माझ्या पिशवीत गुडघ्याच्या गोळ्या होत्या. गेल्याच आठवड्यात डोकं दुखतं म्हणून शिवकन्येला मी त्यातली एक दिली होती. मी पिशवी पायाशी सरकवली.

"आणि शेवटचं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बरं वाटायला लागलं की लोक गोळी सोडून देतात. तिथं घात होतो. बऱ्या झाल्यावरही निदान सहा ते नऊ महिने चालू ठेवायची. सोडायची वेळ आली की मी हळूहळू कमी करत आणीन. एकदम बंद करायची नाही म्हणजे नाही. कळलं?"

"कळलं," मी म्हटलं. आणि खरंच कळलं होतं. पुढं जे झालं ते अडाणीपणानं झालं, असं कुणी माझ्यासाठी म्हणू नये.

पहिले दहा दिवस वाईट गेले. शिवकन्या ओकायची, हात थरथरायचे. केवळाबाई गोळ्यांचं पाकीट चुलीत घालायला निघाल्या. तेव्हा मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "पंधरा दिवस दम धरा, डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय." फोनही मीच केला. सुदर्शन माझ्या पाया पडला. तोवर सगळं ठीक होतं, कारण ती खाटेवर होती आणि मी उभी होते.

पाचव्या आठवड्यात तिनं आपणहून केस धुतले. सहाव्यात परातीसमोर येऊन बसली. पहिली भाकरी तव्यावर टाकताना तुटली, दुसरी तुटली नाही. पाडव्याला ऐंशी डब्यांच्या भाकरी तिनं एकटीनं केल्या आणि पोरांचे फोन सुरू झाले. काकू बऱ्या झाल्या का, भाकरी त्यांचीच आहे ना, आम्हाला कळलं. केवळाबाई म्हणाल्या, "घरात लक्ष्मी परत फिराया लागली." मग चौदा महिने काय घरात म्हैस फिरत होती? गरज सरो नि वैद्य मरो, दुसरं काय.

पण मला सगळ्यात जास्त झोंबलं ते दुसरंच. रोज सकाळी नऊच्या सुमाराला सुदर्शन डबे पोचवून यायचा, हातपाय धुवायचा, तांब्याभर पाणी घ्यायचा आणि तळहातावर गोळी ठेवून तिच्यासमोर उभा राहायचा. "शिवा, खाल्लंस का काही? घे." ती गोळी घेईपर्यंत उभा राहायचा. माझे मालक मला दिवसातून एकच प्रश्न विचारतात, "डबे भरले का?" गुडघ्याला पट्टा बांधून मी सहा महिने हिंडले, त्यांना तो दिसला नव्हता. त्या तळहाताचा मला इतका हेवा वाटायचा की मी ऐन त्या वेळी मुद्दाम मिक्सर लावायची. तिच्या आजाराचाही हेवा वाटायचा. असा आजार आपल्याला का झाला नाही, असंसुद्धा एकदा मनात येऊन गेलं. असला विचार करणाऱ्या बाईला काय म्हणायचं ते म्हणा, मी आधीच म्हणून घेतलं आहे.

मग आषाढी आली.

आमच्याकडं चातुर्मासात प्रत्येक बाई एक वस्तू सोडते. देवासमोर तळहातावर पाणी घेऊन सोडायचं आणि कार्तिकीपर्यंत ती वस्तू तोंडात घालायची नाही. देवळात पोथी झाली की बायका एकमेकींना विचारतात, "यंदा काय सोडलं?" केवळाबाई दरवर्षी वांगं सोडतात. वांग्यानं त्यांच्या अंगाला खाज सुटते, त्यामुळं देवाचंही होतं आणि त्यांचंही. मी मागच्या वर्षी चहा सोडला होता, यंदा साखर.

देवळातून येताना शिवकन्या मला म्हणाली, "अक्का, मी काय सोडू? देवानं मला एवढं बरं केलं. वांगं-भोपळा सोडून कसं भागंल? कायतरी जड सोडावं वाटतंय."

मी बेत करून बोलले नाही. पण तोंडातून आलं ते काही आकाशातून पडलं नव्हतं.

"देवानं बरं केलं म्हणतीस आन् गोळी खातीस. मग देवावर भरवसा कुठं हाय? जे सोडायला भ्या वाटतंय तेच सोडावं. गोळी सोड."

ती थांबली. "डॉक्टरीणबाई नको म्हणल्या होत्या ना?"

"तवा तू आजारी होतीस. आता काय झालंय तुला? मी चहा सोडला तवा चार दिवस डोकं ठणकलं, पाचव्या दिवशी काय न्हाई. सवय असती नुसती."

"ह्यांना सांगू का?"

"गावभर सांगून केलेला नेम कसला गं?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. तिला वाटलं, डॉक्टरांचं सगळं ऐकून घेणारी, केवळाबाईंचा हात धरणारी, पहिल्या दिवसापासून गोळीची काळजी करणारी बाई सांगते आहे. दुसरं कुणी म्हटलं असतं तर तिनं ऐकलं नसतं. ती तशीच मागं फिरली, देवळात गेली आणि पाणी सोडून आली.

ती मरावी असं माझ्या मनात कधी आलं नाही, हे शपथेवर सांगते. ती थोडी आजारी पडावी एवढंच होतं. थोडीशीच. पुन्हा खाटेवर टेकावी आणि मला पुन्हा कुणी वाघीण म्हणावं.

सुदर्शन रोज गोळी द्यायचाच. ती तोंडात घ्यायची, गालात धरायची, पाणी प्यायची आणि तो वळला की मोरीत येऊन काढायची. देवाच्या नावानं सोडलेली वस्तू कचऱ्यात कशी टाकायची म्हणून तिनं मला विचारलं. मी हिंगाची रिकामी डबी दिली. डबी माझ्या मसाल्याच्या फळीवर मागं ठेवलेली असायची.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिला चक्कर यायला लागली. "अक्का, डोळे फिरवले की डोक्यात करंट बसल्यावानी झण्ण करतंय." मळमळ, घाम, चित्रविचित्र स्वप्नं. एरवी आवाज न चढवणारी बाई लेकरांवर खेकसायची आणि मग कोपऱ्यात जाऊन रडायची. मी म्हटलं, "चार दिवस दम धर." तिनं धरला. आठ-दहा दिवसांत करंट कमी झाले तेव्हा ती केवढी खूश झाली! "खरंच की अक्का, सवयच होती." मला जरा निराशाच झाली.

पण ते करंट म्हणजे गोळी एकदम तुटल्याचा त्रास होता. आजार त्यांच्या मागून पायाचा आवाज न करता आला. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी तिच्या भाकरी करपायला लागल्या. मग ती सकाळी उशिरा उठायला लागली. मग केस. मी काही न बोलता परात माझ्याकडं ओढली. दोन पोरांनी विचारलं, "काकू, भाकरी कुणाची?" मी म्हटलं, "माझी. का, चालत नाही का?" तीन-चार दिवस मी पदर खोचून अशी फिरत होते, जशी काय घरात माझंच लग्न आहे. केवळाबाई म्हणाल्या, "सिंधू, तूच खरी गं बाई." मला बरं वाटलं. हेही लिहायला पाहिजे, म्हणून लिहिते आहे.

दिव्याची अवस आली. दुपारी समया-निरांजनं चिंचेनं घासायला आम्ही तिघी मागच्या अंगणात बसलो. केवळाबाई सावलीत, जरा लांब. शिवकन्येच्या हातात एक निरांजन होतं आणि तेच ती अर्धा तास घासत होती. मी तिच्या हातातून ते काढून घेतलं. तेव्हा ती, हवापाण्याचं बोलावं तसं, म्हणाली,

"अक्का, मी नसले तरी काय अडत न्हाई. चौदा महिने तुम्ही चालवलंच की. लेकरं बी तुमच्या हातचं खातेत."

डॉक्टरीणबाईंचा तो शब्द जसाच्या तसा समोर बसून बोलत होता. आणि पुढचं त्याहून वाईट. ते चौदा महिने, माझा सगळा तोरा, तिनं माझ्यासमोर पुरावा म्हणून ठेवला होता. मी मेस चालवू शकते, म्हणून तिची गरज नाही.

मी विचारलं, कारण आता विचारायलाच हवं होतं. "शिवकन्या, जीवाचं बरंवाईट करावं असं मनात येलालंय का?"

तिनं खाली मान घातली. "दोन-तीन दिवस झाले. कराया ताकद न्हाई. पण येतंय."

"ऊठ. गोळी घे. न्हाई, थांब, आधी डॉक्टरीणबाईला फोन लावू."

"न्हाई अक्का. देवासमोर पाणी सोडलंय. नेम मोडला तर माझ्या लेकरावर यील."

मी तिला दहा वेळा सांगितलं असेल. देव असा नसतो, आजारी माणसाला सूट असते, कार्तिकीला दुप्पट कर. ती नुसती मान हलवत होती. सगळं सोडलेलं माणूस शेवटी एकच वस्तू घट्ट धरून बसतं, तसं तिनं नेमाला धरलं होतं. ती मूठ उघडायची तर एकच गोष्ट उरली होती. केवळाबाई ऐकत होत्या. मी त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हटलं,

"तो नेम देवाचा न्हवता गं. माझा होता. मला तुझं बरं होणं बघवलं न्हाई. तू परत पडावीस म्हणून मी तुला गोळी सोडाया लावली. पाणी तुझ्या हातातनं पडलं, पण सोडलं मी. जे काय व्हायचं ते माझ्यावर यील, तुझ्या लेकरावर न्हाई."

केवळाबाईंनी हातातली समई खाली ठेवली. शिवकन्या रागावेल, ओरडेल, निदान रडेल, असं मला वाटलं. त्यातलं काहीच झालं नाही.

"मला बी तुमचा दुस्वास वाटायचा, अक्का," ती सपाट आवाजात म्हणाली. "तवा, खाटेवर पडून ऐकत हुते. वाघीण, वाघीण. लई राग यायचा तुमचा. आता यायला पायजे ना? तुम्ही एवढं सांगितलं तरी येईना झालाय. कायच येईना झालंय."

मला त्या क्षणी जेवढी भीती वाटली तेवढी आयुष्यात कधी वाटली नव्हती.

केवळाबाई उठल्या. माझ्याकडं न बघता शिवकन्येजवळ गेल्या, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "असल्या नेमाला देव शिवत बी न्हाई. चल ऊठ." त्या एका वाक्यानं तिची मूठ सुटली. मी फोन लावला. डॉक्टरीणबाईंनी आधी विचारलं, बंद होऊन किती दिवस झाले? मी हिंगाची डबी ओतून मोजल्या. अठरा. त्या म्हणाल्या, मनानं पुन्हा सुरू करू नका, आजच घेऊन या, तोवर एक मिनिट एकटं सोडू नका, घरातली फवारणीची औषधं, गोळ्या, सगळं कुलपात ठेवा. मी माझ्या गुडघ्याच्या गोळ्याही केवळाबाईंच्या हवाली केल्या. सुदर्शननं गाडी आणली. अहमदपूर, लोहा, नांदेड. सबंध वाटेत मी शिवकन्येचा दंड धरून बसले होते आणि ती खिडकीबाहेर बघत होती.

डॉक्टरीणबाईंनी तिला दवाखान्यातच ठेवून घेतलं, चार दिवस. गोळी पुन्हा कमी ताकदीनं सुरू केली, मग वाढवत नेली. निघताना त्यांनी सुदर्शनसमोर विचारलं, "गोळी सोडायचं कुणाच्या मनात आलं?"

"माझ्याच," शिवकन्या म्हणाली. "देवाचा नेम हुता."

एवढ्यावर सुटता आलं असतं. केवळाबाई गावात बोलणाऱ्या नव्हत्या आणि सुदर्शनला काहीच ठाऊक नव्हतं. पण तिच्या घरातल्या माणसानं तिला खड्ड्यात ढकललं होतं, आणि ते माणूस कोण हे तिची गोळी सांभाळणाऱ्याला माहीत असायला हवं. मी सांगितलं. सुदर्शन भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. डॉक्टरीणबाई मला ओरडल्या नाहीत. "चहाची सवय आणि ही गोळी एक नाही," एवढंच म्हणाल्या. मी विचारलं, "हेव्यावर काही गोळी आहे का हो?" त्या म्हणाल्या, "अजून निघाली नाही. आणि ते गुडघे हाडाच्या डॉक्टरांना दाखवा." माझ्या गुडघ्याबद्दल इतक्या वर्षांत पहिल्यांदा बोललेलं माणूस ते. मी चालताना त्यांनी बघितलं असणार.

घरी आल्यावर गोळ्यांना कुलूप लागलं, किल्ली सुदर्शनच्या कडदोऱ्याला. गोळी गिळली की तो तिला तोंड उघडायला लावायचा. माझ्याशी तो महिनाभर फक्त डब्यांबद्दल बोलला. केवळाबाई तेवढंही बोलल्या नाहीत. शिवकन्या बोलायची, पण भिंतीशी बोलावं तशी, मीठ द्या, पीठ द्या. मी दोघींचं काम करत होते आणि या वेळी मला कुणी वाघीण म्हटलं नाही.

गणपती उठल्यावर आम्ही पुन्हा नांदेडला गेलो. शिवकन्येनंच सांगितलं, अक्का आत येतील. मी शेजारच्या खुर्चीवर बसले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, झोप? लागते. भूक? लागते. ते तसले विचार? नाहीत. पोट जरा बिघडतं अधूनमधून. भाकरी? सकाळच्या चाळीस मी करते. मग शिवकन्या आपणहून म्हणाली,

"अजून एक सांगू का? अक्काचा राग येलालाय."

डॉक्टरीणबाईंनी वर बघितलं. "किती?"

"लई. सकाळी ह्यांचं तोंड बघितलं की तिडीक जाती. परवा तर वाटलं, तवाच फेकून मारावा." हे बोलताना तिचा आवाज चढला होता, गाल लाल झाले होते. "माझं चांगलं बघवलं न्हाई ह्यांना. मी काय केलं हुतं ह्यांचं?"

"कधीपासून येतोय हा राग?"

"आठ दिवस झाले."

"छान," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि कागदावर लिहायला लागल्या. "गोळी आहे तशीच चालू ठेवा. निदान वर्षभर तरी नाव काढायचं नाही सोडायचं."

मी पदरात तोंड खुपसून हुंदके द्यायला लागले. शिवकन्येनं माझी समजूत घातली नाही, पाणीसुद्धा पुढं केलं नाही. डॉक्टरीणबाई तिला म्हणाल्या, "शहाणी आहेस तू, नेटानं घेतेस." आणि माझ्या पोटात, तशा रडण्यातही, बारीकसं दुखलंच. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही.

परतीच्या वाटेवर लोह्याला गाडी थांबली. सुदर्शननं गरम भजी आणली आणि कागद शिवकन्येच्या हातात दिला. तिनं नवऱ्याला दिली, ड्रायव्हरला दिली, स्वतःला घेतली. शेवटी माझ्याकडं वळली, माझ्या डोळ्यात बघितलं आणि सगळ्यांना पाच-पाच दिलेली असताना माझ्या हातावर मोजून दोन ठेवली. मी ती खाल्ली.